शेवटच्या पंगतीचा भात

पूर्वी शिलावती नगरीवर राजा सुयाम राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव सुनेत्र. घाटाखाली राजाची दानशाळा होती आणि तिचा कारभार ते पाहत. रोज चारशे वाटसरू तिथे पंगतीला बसत.

त्या दानशाळेत सोमिला नावाची एक वृद्ध बाई उष्टी पाने उचलायची. तिला मागेपुढे कोणी नव्हते. पाने उचलावीत, हंडे घासावेत आणि दोन वेळा तिथेच जेवावे, एवढाच तिचा संसार.

एकदा राजाच्या कानावर गेले, की धान्य उत्तम असूनही लोक अर्धपोटी उठतात. तो सुनेत्रांना म्हणाला, "अन्न वायाच जाणार असेल, तर पौर्णिमेपासून दानशाळा बंद." हे कळताच सोमिलेला आपल्या दोन वेळच्या जेवणाची चिंता पडली.

सुनेत्र रोज सकाळी येऊन भात आणि कुळथाचे कढण चाखत. त्यात नाव ठेवायला जागा नसे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरेच. पण ते शीत कोणत्या हंड्यातले, हे कोण पाहणार? त्यांनी आचाऱ्यांना जमवून उपाय विचारले. उपायांना काय तोटा? एकाने केशर सुचवले, दुसऱ्याने नवी तांब्याची भांडी, तिसऱ्याने जेवताना बासरी. बोधिसत्त्वांनी सगळे करून पाहिले. बासरी वाजत राहिली आणि पाने अर्धी भरलेलीच परत येत राहिली.

सोमिलेला कारण ठाऊक होते. पण मुख्य आचारी मल्लक तिला एकदा म्हणाला होता, "उष्टी काढणारीनं चवीत नाक खुपसू नये." बोलून पोटावर पाय आला, तर म्हातारपणी जायचे कुठे? ती पाने उचलत राहिली.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना सुनेत्र दानशाळेच्या मागच्या दारी आले. तिथे आजवर एकही अधिकारी फिरकला नव्हता. पत्रावळींच्या ढिगातला भात गाई खात होत्या. ते सोमिलेजवळ जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "आई, ही पानं तू रोज पाहतेस. मी पाहत नाही. काय चुकतंय?"

इतक्या वर्षांत तिला कोणी काही विचारले नव्हते. तिने हातातली पाने खाली ठेवली.

"लहान तोंडी मोठा घास घेते, स्वामी. तुमची वाटी पहिल्या हंड्यातली असते. एकदा शेवटच्या पंगतीला बसा."

ते बसले. भात करपट, त्याची ढेकळे झालेली. कढण म्हणजे नुसते कोमट पाणी. मल्लक पाया पडला. "स्वामी, तुम्ही सकाळी चव घ्यायला येता. तेव्हा सगळं तयार दिसावं म्हणून आम्ही पहाटेच साऱ्या चुली पेटवतो. शेवटचा हंडा दोन प्रहर निखाऱ्यावर राहतो. कढण आटलं की पाणी घालतो."

मल्लकाच्या माथी दोष मारून मोकळे होणे सोपे होते. पण सुनेत्र राजाकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, माझ्या तपासणीपायीच अन्न बिघडत होतं. चूक माझी. ती दाखवली पानं उचलणाऱ्या सोमिलेनं."

"मग पद सोडावं लागेल," राजा म्हणाला.

"सोडेन. दानशाळा तेवढी राहू द्या."

"पौर्णिमेला पाहू."

दुसऱ्या दिवसापासून एकेका पंगतीची चूल त्या पंगतीच्या वेळेलाच पेटू लागली. सुनेत्र शेवटच्या हंड्यातले चाखू लागले आणि सोमिलेला विचारल्याशिवाय घरी जाईनात. तिचे ऐकतात हे पाहून पाणक्याही बोलू लागला, सरपण आणणाराही बोलू लागला.

पौर्णिमेला राजा साध्या वेशात शेवटच्या पंगतीला बसला. जेवणे झाली. सोमिला पाने उचलायला आली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे शीतही उरले नव्हते. मागच्या दारी गाई ताटकळत राहिल्या.

राजा उठला. "दानशाळा राहील," तो म्हणाला, "आणि सुनेत्रही."

तेव्हा सुनेत्रांनी सगळ्यांसमोर सोमिलेला हात जोडले. "आई, तुझे फार उपकार झाले."

"उपकार कसले, स्वामी," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही विचारलंत."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, विहारातल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा सुयाम आज या विहाराला धान्य पुरवणारा उपासक आहे. मल्लक म्हणजे तुमचा कोठार सांभाळणारा भिक्षू. सोमिला म्हणजे रोज अंगण झाडणारी ती वृद्ध भिक्षुणी, जिला तुम्ही अजून काहीच विचारलेले नाही. आणि सुनेत्र मीच होतो. आपली चूक दाखवणाऱ्याचे ऋण मानावे. यालाच कृतज्ञता म्हणतात."