भिंतीवर लिहिण्याचं वय

राजा गंभीरसेनाने दवंडी पिटवली की चौकातल्या भिंतीवर तेरा वर्षांखालच्या कोणी लिहायचं नाही, आणि त्याच दिवशी राघोपंतांची शाळा बंद पडली. शाळेला पाट्या नव्हत्या. मुलं त्या भिंतीवरच गणितं मांडत.

ती लांबलचक काळी भिंत राजानेच बांधलेली. कोणीही यावं, खडूने मनातलं लिहावं. वाचणाऱ्याला आवडलं तर त्याने तिथे ठेवलेल्या ताटातल्या गुलालाचं बोट शेजारी उमटवावं.

पंत दरबारात गेले. राजा म्हणाला, पोरांना गुलालाची चटक लागते. किती बोटं उमटली ते बघायला सारखी धावतात, जेवणखाण विसरतात. पंत चाचरत म्हणाले की काही मुलं तेरा पूर्ण आहेत. मग राजा हट्टालाच पेटला. उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचं वय सिद्ध करा. मुलांना विचारायचं नाही, आईबापांना नाही, पत्रिका चालणार नाही. जमलं नाही तर शाळेला कायमचं कुलूप.

चौक झाडणाऱ्या चांगुणाची ठकू त्याच शाळेत होती. सकाळी चांगुणा दरबारात उभी राहिली. म्हणाली, वय मी सांगते. फक्त दुपारी शाळेतल्या आणि दरबारातल्या प्रत्येकाने एकेक ओळ लिहावी आणि संध्याकाळपर्यंत कोणी भिंतीकडे फिरकू नये.

राजाने मान्य केलं. त्याने स्वतः न्यायावर चार ओळी लिहिल्या. सगळे पांगल्यावर चांगुणाने भिंतीच्या पायथ्याशी चाळलेली राख पसरली आणि ती घरी गेली.

संध्याकाळी दरबार चौकात जमला. राखेत पावलंच पावलं होती.

"ही दोन लहान," चांगुणा म्हणाली. "एक तांबटाच्या पोराचं, एक माझ्या ठकूचं. गुलाल बघायला धावली, म्हणजे दोघंही तेराच्या आतली, लिहून घ्या. बाकीची पोरं ओढ्यात डुंबत होती. ती मोठी झाली."

"आणि हे जोड्यांचे ठसे कोणाचे गं?" प्रधानाने विचारलं.

"तुमच्याच ओळीखाली आहेत, प्रधानजी. पाच खेपा. सेनापतींच्या सात."

मग ती राजाच्या चार ओळींपाशी थांबली. "इथलं मोजता येत नाही, महाराज. राखच उरली नाही."

राजा खाकरला. "मी आपला बघायला आलो होतो, कोणी गुलाल लावला का."

"लावणार कुठून? गुलालाचं ताट दुपारपासून माझ्या घरी आहे." चांगुणाने खडू उचलला. "आपलं वय किती लिहू?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं, प्रधानाने जमिनीकडे. आणि राजा पोट धरून हसत सुटला.

"बारा लिही," तो म्हणाला. "तेही जास्तच होतंय."

त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून चांगुणाला दिलं. त्या दिवसापासून रोज दुपारपर्यंत भिंत शाळेची झाली. तेवढा वेळ गुलाल नाही, आणि वय कोणाला विचारायचं नाही.