जहागीरदारांचं पोट आणि पागेतली झोप

निंबाळगडचे जहागीरदार ढोलकीच्या तालावर पहाटेपर्यंत सोंगट्या खेळत, आणि सकाळी पोट फुगलं की आचाऱ्यावर खेकसत. शेवटी त्यांनी म्हाताऱ्या गुंडोपंत आचाऱ्याला गावाबाहेर काढायचा हुकूम सोडला. ते ऐकून चूर्ण घेऊन आलेल्या वैद्यांच्या मुलीच्या, अनसूयेच्या अंगाची लाहीलाही झाली.

"सरकार, दोष जेवणाचा नाही, जागरणाचा आहे. झोप मोडली की वात खवळतो, अग्नी मंदावतो."

"झोपेचा नि पोटाचा काय संबंध? पोथी वाचून मला शिकवतेस होय गं पोरी?"

अनसूया म्हणाली, "मग आज आपला लाडका घोडाही डावाशेजारी बांधा. ऐकू दे ढोलकी रात्रभर."

जहागीरदार ताडकन उठले. "डोकं फिरलं का तुझं? जागवलेला घोडा चंदीचा दाणा खात नाही, पोटशूळानं तडफडतो. म्हणून तर अंधार पडल्यावर माझ्या पागेत कुणी खोकतसुद्धा नाही."

"असं होय. मग घोड्याचं पोट दुखलं, तर सरकार चंदी घालणाऱ्याला हाकलतील, की ढोलकी थांबवतील?"

जहागीरदार खाली बसले आणि त्यांनी हुकूम मागे घेतला. त्या रात्री महालातही कुणी खोकलं नाही, आणि सकाळी गुंडोपंतांनीच त्यांना मऊ भात वाढला.