कोरड्या मंगळवाराची कहाणी

ऐका खुराड्याच्या माउली, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत घट्ट धरा. डास चावला तरी कहाणी संपेतो टाळी वाजवायची नाही, अक्षता सांडतात. मागं बसलेल्यांनो, तुम्हालाही सांगतेय.

आटपाट नगराच्या वेशीबाहेर, ओढ्याकाठी एक वाडी होती. तिथं गजरा नावाची बाई राहायची. लेक गलबतावर कामाला, दूर देशी. घरात सून शेवंता. परसात कोंबड्यांचं खुराडं. अंडी विकावीत, मीठमिरची आणावी, असा संसार चालायचा. शेवंतेला दिवस गेले होते. पहिली खेप वाया गेलेली, म्हणून गजरेच्या जिवाला घोर. सून शिंकली की हिच्या पोटात धस्स व्हायचं. सून गप्प बसली की हिला वाटायचं, का बरं गप्प बसली?

एके दिवशी काय झालं? कोंबड्यांच्या तुऱ्यांवर फोड आले. फोडांच्या काळ्या खपल्या झाल्या, डोळे चिकटले. गजरा म्हणाली, देवी आली. मग तिनं खुराड्यापुढं मातीचे परळ मांडले. मग ते पाण्यानं भरले, देवीला गारवा हवा म्हणून. मग त्यात कडुलिंबाचे डहाळे घातले. देवी घरात असताना झाडू मारू नये, म्हणून झाडू बंद. पाणी ओतून देऊ नये, म्हणून ओतणं बंद. पाणी आटलं की वरून भर घालायची. शिवाय घरात गरोदर बाई, भरलं भांडं पालथं घालणं म्हणजे अभद्रच, असं तिला आईनं सांगितलेलं. सगळ्यांत लहान परळ तिनं येणाऱ्या बाळाच्या नावानं भरला.

मग डास झाले. तिन्हीसांजेला खुराड्यावर त्यांचा ढग उतरायचा. कोंबड्या पंख आपटायच्या, पाय झाडायच्या. आणखी एक कोंबडी आजारी पडली, गजरेनं आणखी एक परळ मांडला. आणखी डास झाले, आणखी कोंबड्या पडल्या. हिनं आणखी परळ मांडले. शेवंता हळूच म्हणाली, पाण्यात काहीतरी वळवळतंय, ओतून देऊ का? गजरा खेकसली, देवीचं पाणी आहे, हात लावलास तर याद राख.

मग शेवंतेला हीव भरलं. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. वैद्यानं काढा दिला आणि बजावलं, हिला डास चावू देऊ नका. गजरेनं मान डोलावली, आणि परसात जाऊन आणखी एक परळ भरून ठेवला. काय म्हणावं या बाईला? पण भ्यालेलं माणूस असंच करतं, बायांनो. तुम्ही आम्ही काय वेगळ्या आहोत?

पुढं मंगळवार आला. दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. अंगावर जुनेर, हातात केरसुणी. म्हणाली, लेकी, तहान लागली, पाणी दे. गजरा आत गेली. घागर बघते तर रिकामी, सगळं पाणी परळांत गेलेलं. मग तिनं खुराड्यापुढचाच एक परळ उचलून आणला. म्हातारीनं आत पाहिलं. परळ तसाच गजरेपुढं धरला.

"हे काय आहे?"

"देवीचं पाणी."

"नीट बघ."

गजरेनं पाहिलं. पाणी अळ्यांनी भरलेलं. खाली डोकं, वर शेपूट, नुसत्या वळवळत होत्या.

म्हातारी म्हणाली, "मी तुझ्या घरी आलेच नव्हते, गजरे. माझ्या नावानं तू डास पाळलेस."

गजरेनं म्हातारीचे पाय धरले. चुकले माय, काहीही कर, पण सून वाचू दे, पोटातलं वाचू दे. म्हातारी म्हणाली, वसा सांगते, पण तू भित्री आहेस, अर्धा घेशील, अर्धा झाकून ठेवशील. गजरा म्हणाली, नाही झाकणार, पुरा घेईन.

मग म्हातारीनं वसा सांगितला. मंगळवारी उजाडलं की परसातली सगळी भांडी पालथी घालावीत. आतून काथ्यानं खरवडून घासावीत, डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात. उन्हात वाळवावीत, मग कोंबड्यांपुरतं ताजं पाणी घालावं, ते रोज बदलावं. करवंट्या वेचाव्यात, खापऱ्या वेचाव्यात, डबकं दिसेल तिथं माती टाकावी. खुराडं झाडून कोरडी राख पसरावी. तिन्हीसांजेला खुराड्याच्या तोंडाला विरळ लुगडं बांधावं, वारा जावा, डास जाऊ नये. एवढं सांगून म्हातारी दिसेनाशी झाली.

गजरा परसात गेली. पहिला परळ उचलला. आतून शेवंता कण्हली, हिनं परळ खाली ठेवला. पुन्हा उचलला, डोळे मिटून पालथा घातला. मग दुसरा घातला, मग तिसरा, मग बाकीचे. शेवटी उरला बाळाच्या नावाचा. तो पालथा घालवेना. इतकुसा तर आहे, एवढ्यानं काय होतंय, म्हणत तिनं त्यावर डालगं झाकलं.

डास कमी झाले. शेवंतेचा ताप उतरला. कोंबड्यांच्या खपल्या गळाल्या. गजरेला हायसं वाटलं. आणि काही दिवसांनी शेवंता पुन्हा कुडकुडायला लागली.

गजरा धावत परसात गेली. तिन्हीसांजेची वेळ. डालगं उचललं, तर डासांचा लोट तोंडावर आला. समोर बाळाच्या नावाचं पाणी. ओतावं तर बाळाचं काही झालं तर? ठेवावं तर सून जळतेय. काय करावं, कुणाला विचारावं?

तेवढ्यात आतून शेवंतेचा आवाज आला. "आत्याबाई, बाळ हलत नाही हो."

गजरेनं परळ उचलला आणि पालथा घातला. पाणी मातीत गेलं. अळ्या तडफडल्या, तिनं त्यांवर राख टाकली. मग तशीच आत पळाली. हात धुतले, शेवंतेला काढा पाजला, तिच्या पोटावर हात ठेवला. काही नाही. कूस बदलायला लावली, पुन्हा हात ठेवला. काही नाही. दोघी एकमेकींकडे बघेनात. तिसऱ्यांदा हात ठेवला, तेव्हा आतून तळहातावर लाथ बसली. मग सासू रडली, सून रडली.

पुढं गजरेनं वसा पुरा पाळला. शेवंता बरी झाली, दिवस भरले, मुलगी झाली. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली पिल्लं निघाली. बारशाला मंगळवार होता. तीच म्हातारी दारात आली, लेकी, पाणी दे म्हणाली. गजरेनं ताजं पाणी दिलं. म्हातारी घटाघटा प्यायली. पेला रिकामा केला आणि पाळण्यासमोर उंबऱ्यावर पालथा ठेवला. गजरेच्या पोटात धस्स झालं नाही. तिनं पालथ्या पेल्याला हळदकुंकू वाहिलं.

जशी गजरेला माउली पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. आता अक्षता वाहा, आणि घरी जाऊन आधी परसात बघा. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरी सांगितली, तुमच्या कोरड्या अंगणी सुफळ होवो.