बुटू बेडूक आणि हरवलेलं टपटप

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शब्दही साधेच आहेत. मोठ्यांनी सांभाळून घ्यावं. लहानांना चालतील.

एक होता बेडूक. नखाएवढा. नाव त्याचं बुटू.

बुटू राहायचा गॅलरीत, अळूच्या कुंडीत. कुंडीवर होता एक नळ. रोज चार वाजता घरातला स्पीकर म्हणायचा, "नळा, नळा, सुरू हो!" की नळ करायचा टप टप टप. बुटूची पाठ भिजायची. बुटू खूश!

एक दिवस चार वाजले. टपटप नाही.

ऊन तापलं. माती तडकली. बुटूची पाठ सुकली. बुटू निघाला. पचक पचक. पचक पचक.

"नळोबा, नळोबा, सुटा ना!
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

नळ म्हणाला, "मी नाही सुटणार. मला कुणी सांगितलंच नाही. स्पीकर बोलेल तर मी सुटेन."

बुटू घरात गेला. पचक पचक. पचक पचक.

"स्पीकरदादा, स्पीकरदादा, बोला ना!
नळ सुटेल तर थेंब पडेल.
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

स्पीकर म्हणाला, "माफ करा. आत्ता जोडता येत नाही. माफ करा. आत्ता जोडता येत नाही."

"मग मी काय करू?"

"वाय-फाय येईल तर मी बोलेन. माफ करा."

बुटू राऊटरकडे गेला. पचक पचक. पचक... पच.

राऊटर टेबलावर बसला होता. त्याचा दिवा लालेलाल. अंगावर जाडजूड रुमाल. तो घरातल्या कुंदाआत्याने विणला होता. धूळ बसू नये म्हणून टीव्हीला रुमाल, मिक्सरला रुमाल, राऊटरलाही रुमाल! आणि रुमाल उडू नये म्हणून वर बसवला होता भला मोठा पितळी हत्ती.

"राऊटरमामा, राऊटरमामा, वाय-फाय द्या ना!
स्पीकर बोलेल तर नळ सुटेल.
नळ सुटेल तर थेंब पडेल.
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

राऊटर म्हणाला, "हाश्श! हुश्श! अंग भाजतंय रे माझं! डोक्यावर हत्ती! अशात कसलं वाय-फाय मागतोस? हत्ती उठेल तर वाय-फाय येईल."

बुटूने मान वर केली.

"हत्तीदादा, हत्तीदादा, उठा ना!
वाय-फाय येईल तर स्पीकर बोलेल.
स्पीकर बोलेल तर नळ सुटेल.
नळ सुटेल तर थेंब पडेल.
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

हत्ती म्हणाला, "पितळेचा आहे मी. पितळेचे पाय हलतात का, वेड्या? आत्या उठेल तर मी उठेन."

बुटू आत्याकडे गेला. पच... पच. पच.

आत्या खुर्चीत बसली होती. डोळे मिटलेले. चष्मा कपाळावर.

"कुंदाआत्या, कुंदाआत्या, उठा ना!
हत्ती उठेल तर वाय-फाय येईल.
वाय-फाय येईल तर स्पीकर बोलेल.
स्पीकर बोलेल तर नळ सुटेल.
नळ सुटेल तर थेंब पडेल.
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

आत्याने डोळे उघडलेच नाहीत. "कोण रे किरकिरतंय? गुडघे ठणकतात बाबा माझे. बेल वाजेल तर मी उठेन."

बुटू दाराकडे गेला. आता पाय ओले नव्हते. पचक नाही. पच नाही. नुसतं खर्र. खर्र.

"बेलताई, बेलताई, वाजा ना!
आत्या उठेल तर हत्ती उठेल.
हत्ती उठेल तर वाय-फाय येईल.
वाय-फाय येईल तर स्पीकर बोलेल.
स्पीकर बोलेल तर नळ सुटेल.
नळ सुटेल तर थेंब पडेल.
थेंब पडेल तर बुटू भिजेल."

बेल रडवेली झाली. "बाहेर छोटी आभा कधीची मला दाबतेय रे. पण आवाजच फुटत नाही. वाय-फाय येईल तर मी वाजेन."

वाय-फाय?

बुटू मटकन बसला.

वाय-फायला हवा हत्ती. हत्तीला हवी आत्या. आत्याला हवी बेल. आणि बेलला हवं वाय-फाय!

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नाही.

बुटू परत फिरला. खर्र. खर्र. खर्र. टेबलाखाली पोचला. पाठ कागदासारखी झाली होती. रडू आलं, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं.

बुटूने उरलासुरला श्वास घेतला. आणि ओरडला,

"डराँव!"

आत्या दचकली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"अगंबाई! बेडूक! घरात बेडूक!"

कुठले गुडघे आणि कुठलं काय! आत्या टुणकन उठली. बेडकावर टाकायला काय घेऊ? काय घेऊ? हत्ती उचलला, धप्प! खाली ठेवला. रुमाल ओढला, सर्र! बुटूवर टाकला, फस्स!

रुमालाच्या भोकातून बुटूचा एक डोळा दिसत होता.

आणि राऊटर म्हणाला, "हुश्श्श!"

हत्ती उठला, राऊटर गार झाला.
राऊटर गार झाला, दिवा हिरवा झाला.
दिवा हिरवा झाला, वाय-फाय आलं.
वाय-फाय आलं, स्पीकर बोलला, "नळा, नळा, सुरू हो!"
स्पीकर बोलला, नळ सुटला.
टप टप टप!

पण बुटू कुठे? बुटू रुमालाखाली!

तेवढ्यात, टिंगटाँग! बेल वाजली. आत्याने दार उघडलं.

"काय गं आत्या! कधीची बेल दाबतेय! अंगठा दुखला माझा."

"अंगठ्याचं राहू दे. आधी ते बघ. बेडूक पकडलाय मी!"

आभा खाली वाकली. "अगं, हा तर अळूतला बुटू! किती सुकलाय गं हा!"

तिने रुमालासकट बुटूला उचललं. गॅलरीत नेलं. नळाखाली धरलं.

टप. पाठ भिजली.
टप. पाय भिजले.
टप. डोळे भिजले.

"डराँव," बुटू म्हणाला. हळूच.

"आणि तो रुमाल धुवायला टाक हो," आतून आत्या म्हणाली. "बेडूक लागलाय त्याला. आता नाही घालायची मी राऊटरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटू उठला. नळाकडे बघितलं. नळ गप्प होता. चार वाजायला खूप वेळ होता. आणि चार वाजता तरी काय होईल, कुणी सांगावं?

वर दोरीवर आत्याचा नुकताच धुतलेला रुमाल वाळत होता. त्याच्या टोकातून पाणी गळत होतं. टप. टप. ना स्पीकर, ना राऊटर, ना हत्ती.

बुटू निघाला. पचक पचक. पचक पचक. आणि रुमालाखाली जाऊन बसला.