कुठेच न जाणारी पायवाट

एका गावात शाळेचे एक मैदान होते, आणि त्या मैदानावर कुठेच न जाणारी एक पायवाट होती.

मैदानावर रोज सायंकाळी गावातल्या मुली बेसबॉल खेळत. हा खेळ त्या गावात दिनकर गुरुजींनी आणला. त्यांना तो कोणी शिकवला नव्हता. नियमांची एक जुनी पुस्तिका त्यांच्या हाती लागली, ती त्यांनी तीन वेळा वाचली आणि चौथ्या वेळी मुलींना वाचून दाखवली. वाळू भरलेल्या तीन गोणपाटाच्या पिशव्या तीन कोपऱ्यांवर ठेवल्या. त्या म्हणजे बेस. चौथ्या कोपऱ्यावर एक फळी ठोकली. समोरच्या संघातली मुलगी त्या फळीपाशी उभी राहून दांड्याने चेंडू मारायची आणि पहिल्या बेसकडे पळत सुटायची. ती पोहोचण्याआधी चेंडू तिथल्या मुलीच्या हातात आला की पळणारी बाद. बाकी नियम पुष्कळ होते, पण गावाला एवढे पुरत होते.

शाळेच्या ओसरीवर गुरुजींनी एक काळा फळा टांगला होता. त्यावर प्रत्येक मुलीचे नाव आणि नावापुढे तिचा एक गुण खडूने लिहिलेला असे. शमीमच्या नावापुढे होते, ‘चेंडू दोरीसारखा सरळ फेकते’. फळीमागे बसून चेंडू झेलणाऱ्या गोदाच्या नावापुढे, ‘बसल्या जागेवरून सगळे मैदान पाहते’. पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या रेवतीच्या नावापुढे सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘हातातून चेंडू सुटत नाही’. गावात कोणी पाहुणा आला की रेवतीचे वडील त्याला आधी ओसरीवर नेत आणि मग घरी चहाला नेत.

वेणूच्या नावापुढे मात्र काहीच लिहिलेले नव्हते.

वेणू उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांत लांब उभी राहायची. तिकडे चेंडू क्वचितच जाई. गुरुजी तिला दोन महिने न्याहाळत होते. तिचा फटका साधा होता आणि फेक बेताची. खोटे लिहायचे नाही असा गुरुजींचा नियम होता, म्हणून ती जागा तशीच कोरी राहिली होती.

‘‘वेणे, तुझ्या नावापुढे गुरुजींनी रांगोळी काढायला जागा ठेवलीय,’’ शमीम एकदा म्हणाली.

‘‘असू दे. पुसायची तरी कटकट नाही,’’ वेणू म्हणाली.

तर ती पायवाट.

एका सकाळी गुरुजी मैदानाला फेरी मारत होते. पावसाळा संपला होता. मैदानावर हरळी दाट पसरली होती आणि शाळेचे शिपाई भिकाआप्पा तिला रोज कालव्याचे पाणी देत होते. त्या हिरव्या गवतात गुरुजींना एक मातकट पट्टा दिसला. तो उजव्या कोपऱ्यातून निघत होता आणि तिरका जाऊन पहिल्या बेसच्या मागे, चुन्याच्या रेषेबाहेर एकाएकी संपत होता. गुरुजींनी पावले मोजली. एक्केचाळीस भरली. वाट नळाकडे जात नव्हती, फाटकाकडे जात नव्हती, लिंबाच्या सावलीकडेही जात नव्हती. जिथे ती संपत होती तिथे काहीही नव्हते.

गुरुजींचा स्वभाव असा, की एखाद्या गोष्टीचे कारण कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे.

‘‘आप्पा, ही वाट कशाची?’’

‘‘शेळ्यांची,’’ भिकाआप्पा म्हणाले. ‘‘दुसरं कोण चालणार असं तिरकं?’’

गावात शेळ्या होत्या त्या सोनाआजींच्या. गुरुजी त्यांच्या अंगणात गेले.

‘‘आजी, तुमच्या शेळ्या मैदानात येतात का?’’

‘‘कशाला येतील? तिथं कोवळं गवत कुठं वाढतंय? तुमच्या पोरी दिवसभर तुडवतात.’’

गुरुजींना ते पटले नाही. सायंकाळी त्यांनी मुलींना गोळा केले आणि विचारले, ‘‘मैदानात शेळ्या कोण सोडतं? माहीत असेल तिने सांगावं.’’

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. वेणू म्हणाली, ‘‘आमच्याकडे शेळ्या नाहीत गुरुजी. म्हैस आहे.’’ सगळ्या हसल्या. रेवतीही हसली, पण उशिराने, आणि लगेच बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

गुरुजींनी फाटकाला नवी कडी बसवली. वाट होती तशीच राहिली.

त्याच सुमारास गावात मुक्ता नावाची मुलगी मामाकडे राहायला आली. पहिल्याच दिवशी तिने चेंडू असा मारला की तो कुंपणावरून थेट कालव्यात गेला. जिल्ह्याच्या सामन्याला वीस दिवस उरले होते. मैदानात नऊच जणी उभ्या राहणार. मुक्ताला घ्यायचे तर एकीला बाहेर बसवावे लागणार होते. गुरुजींनी फळ्याकडे पाहिले. कोरी जागा एकाच नावापुढे होती.

‘‘वेणू, उद्यापासून मुक्ता उजव्या कोपऱ्यात उभी राहील,’’ त्यांनी सांगितले. ‘‘कोणी आजारी पडली तर तू आहेसच.’’

‘‘बरं गुरुजी,’’ वेणू म्हणाली. जिल्ह्याच्या सामन्यासाठी आईने तिच्या बुटांना नवे तळ लावून आणले होते. ते तिने बोलून दाखवले नाही. चेंडू झेलायचा हातमोजा काढून तिने मुक्ताच्या हातात दिला आणि लिंबाखाली जाऊन बसली.

त्याच वेळी गुरुजींनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. जिल्ह्याच्या सामन्यात कप्तान रेवती असेल. ज्या मुलीच्या हातातून चेंडू सुटत नाही, तिच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो, असे ते म्हणाले.

रेवतीने मान हलवली. ती लिंबाकडे पाहत नव्हती.

मधले बारा दिवस फक्त फटक्यांचा सराव झाला. मग शेजारच्या गावचा संघ सराव सामना खेळायला आला. दोन्ही गावचे लोक कुंपणाला टेकून उभे होते. दुसऱ्या डावात गोदाने रेवतीकडे चेंडू फेकला. तो हातमोज्याच्या कडेला लागून मागे गेला. पहिल्या बेसपाशी पळणारीच्या पायांनी नेहमीप्रमाणे धूळ उडाली. आजवर कधी कधी ती धूळ खाली बसायची तेव्हा रेवतीच्या हातात चेंडू असूनही पळणारी मुलगी बेसवर उभी असायची. पळणारी अंमळ चपळ निघाली, असे लोक समजायचे. त्या दिवशी धूळ बसली तेव्हा रेवती कुंपणाकडे धावत होती. चेंडू पार काटेरी झुडपात गेला होता. तो सापडेपर्यंत पळणारी सगळे बेस ओलांडून परत आली होती. गावाने रेवतीची पाठ पहिल्यांदाच पाहिली.

त्या दुपारी असे तीन वेळा झाले. सामना तीनच धावांनी गेला.

‘‘दृष्ट लागली,’’ रेवतीचे वडील म्हणाले.

‘‘हातमोज्याची शिवण उसवलीय,’’ शमीम म्हणाली.

‘‘हाताला काही झालंय का बाळ?’’ गुरुजींनी विचारले.

‘‘नाही गुरुजी,’’ रेवती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मैदानावर आले ते याच विचारात. चांगला हात बारा दिवसांत कसा बिघडतो? ते पहिल्या बेसपासून मागे चालत गेले. चुन्याची रेषा ओलांडली आणि थांबले. त्यांना कळेना आपण नेमके कुठे आहोत. पायवाट दिसत नव्हती. त्यांनी वाकून पाहिले. मातीवर हरळीचे कोवळे धुमारे चहूबाजूंनी येऊन एकमेकांना भेटले होते.

‘‘बघा, शेळ्या थांबल्या,’’ भिकाआप्पा मागून म्हणाले. ‘‘कडीचा गुण.’’

तेवढ्यात कुंपणाच्या भगदाडातून दोन शेळ्या आत आल्या आणि त्यांच्या मागे हातात काठी घेऊन सोनाआजी.

‘‘आता कशा आल्या?’’ गुरुजींनी विचारले.

‘‘आता गवत आलंय ना,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आठ दिवस झाले रोज येतात. एवढं कोवळं गवत गावात दुसरीकडे नाही.’’

गुरुजी मनाशी जुळवाजुळव करू लागले. शेळ्या येत नव्हत्या तेव्हा वाट होती. शेळ्या यायला लागल्या आणि वाट बुजली. मग बारा दिवसांपूर्वी मैदानातून गेले ते काय? एवढे विचारल्यावर उत्तर रोज सायंकाळी लिंबाखालीच बसत होते. पण उजव्या कोपऱ्यातली मुलगी रोज एक्केचाळीस पावले धावून रिकाम्या जागेवर कशाला जाईल, हे त्यांना अजून उमगत नव्हते. ती धावताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. चेंडू मारला गेला की ते चेंडूकडे पाहत. सगळेच चेंडूकडे पाहत.

आधी ते सोनाआजींना म्हणाले, ‘‘आजी, मी तुमच्या शेळ्यांवर खोटा आळ घेतला. चुकलो.’’

‘‘शेळ्यांना सांगा, मला काय सांगता,’’ आजी म्हणाल्या. पण त्या खूश झाल्या.

सायंकाळी गुरुजींनी सगळ्या मुलींना त्या जागेवर नेले. या वेळी प्रश्न नीट विचारला.

‘‘इथे एक पायवाट होती. ती कुणाच्या पायांची होती?’’

वेणूने तोंड उघडले, पण तिच्याआधी रेवती बोलली.

‘‘वेणूच्या, गुरुजी.’’

‘‘तुला कसं माहीत?’’

‘‘मला ऐकू यायची ना तिची पावलं. फळीपाशी दांडा वाजला की ही तिकडून निघायची. माझ्याकडे चेंडू येईपर्यंत ही माझ्या मागे येऊन उभी.’’ मग रेवती एका दमात म्हणाली, ‘‘माझ्या हातातून चेंडू सुटतो, गुरुजी. आधीपासून सुटतो. दहातले दोन-तीन तरी. ही मागे असायची, झेलायची आणि धुळीतच माझ्या हातात परत द्यायची. तुम्हाला वाटायचं सुटलाच नाही.’’

कुंपणापाशी रेवतीचे वडील उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

‘‘हे आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं असतं तर फळ्यावरचं पुसावं लागलं असतं.’’ रेवतीचा आवाज अगदी बारीक झाला. ‘‘हिला बाहेर बसवलं तेव्हा सांगणार होते. पण त्याच वेळी तुम्ही मला कप्तान केलं.’’

गुरुजी वेणूकडे वळले. ‘‘आणि तू? मी सगळ्यांना विचारलं होतं ना?’’

‘‘तुम्ही शेळ्यांचं विचारलं होतं, गुरुजी.’’

गुरुजींना हसू आले. ‘‘खरं आहे. पण तू धावायचीस कशासाठी? तुला कोणी सांगितलं होतं?’’

‘‘कोणी नाही. पहिल्या महिन्यात एकदा रेवतीचा चेंडू सुटला, तेव्हा झुडपातून तो मलाच काढावा लागला. तासभर काटे उपसत होते. म्हटलं, त्यापेक्षा आधीच जाऊन उभं राहिलेलं बरं.’’

‘‘पण दहातल्या सात वेळा चेंडू सुटत नाही. मग ते धावणं फुकट.’’

‘‘कोणत्या तीन वेळा सुटेल हे आधी कळत नाही ना,’’ वेणू म्हणाली.

हे गुरुजींच्या पुस्तिकेत कुठेच लिहिलेले नव्हते.

सगळ्या ओसरीवर आल्या. गुरुजींनी फडके घेतले, तर रेवतीने ते त्यांच्या हातातून मागून घेतले. मोठ्या अक्षरातली आपली ओळ तिने स्वतः पुसली आणि शेवटचे अक्षर निघेपर्यंत पुसत राहिली. आता फळ्यावर दोन जागा कोऱ्या होत्या.

‘‘मग कप्तान कोण?’’ गोदाने विचारले.

रेवतीने गोदाकडेच बोट दाखवले. ‘‘सगळं मैदान तूच बघतेस ना.’’

मुक्ताने हातमोजा काढून वेणूपुढे धरला. ‘‘घे बाई. मला तिकडे उभं राहून झोप येते. पण चेंडू मारायची वेळ आली की मला हाक मारा. तेवढं विसरलात तर मी परत माझ्या गावी जाईन.’’ बदली मुलगी फक्त फटका मारायला पाठवता येते, हा नियम गुरुजींच्या पुस्तिकेत होता.

जिल्ह्याच्या सामन्यात रेवतीच्या हातातून चेंडू एकदा सुटला. शेवटचा डाव होता, समोरच्यांची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती, आणि आपल्या मुली एकाच धावेने पुढे होत्या. धूळ उडाली. चेंडू लांब गेला असे समजून पळणारी मुलगी दुसऱ्या बेसकडे निघाली. रेवतीने मागे वळून पाहिले नाही. पावले तिला ऐकू आली होती. ती फक्त एक पाऊल बाजूला सरली, आणि तिच्या खांद्याजवळून वेणूची फेक दुसऱ्या बेसकडे गेली. बेताचीच फेक होती, पण वेळेवर निघालेली होती. पळणारी वाटेतच बाद झाली आणि सामना संपला.

गावी परतल्यावर गुरुजींनी खडू घेतला. दोन कोऱ्या जागांपुढे काय लिहावे याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. रेवतीच्या नावापुढे लिहिले, ‘आपला सुटलेला चेंडू स्वतः सांगते’. वेणूसाठी त्यांना शब्द सापडेना. शेवटी त्यांनी वेणूच्या नावापासून रेवतीच्या नावापर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि खडू खाली ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात भिकाआप्पांनी तक्रार केली. मैदानावर आता एकच नाही, पाच पायवाटा पडल्या होत्या. एक जुनीच, एक दुसऱ्या बेसच्या मागे, एक तिसऱ्या बेसच्या मागे, दोन फळीच्या मागे. एकही वाट कुठे जात नव्हती. भिकाआप्पांनी विचारले, तिथे पुन्हा हरळी लावू का? गुरुजी म्हणाले, राहू द्या. सोनाआजी मात्र रागावल्या. शेळ्यांना खायला काही उरले नाही, असे त्या गावभर सांगत फिरल्या.

तात्पर्य: एकाचा गुण लोकांच्या नजरेत भरतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पाठीशी दुसऱ्याचे न दिसणारे कष्ट उभे असतात. ते शोधून पाहणे हे पाहणाऱ्याचे काम आहे, आणि त्या दुसऱ्याचे नाव आपल्या तोंडाने सांगणे हा ज्याचे कौतुक होते त्याचा खरा गुण आहे.