दुसऱ्या पलंगाचे पैसे

औलीच्या बर्फावर स्कीइंग शिकायचं, म्हणून सांगलीच्या शालनताई काटकसर करून पैसे साठवत होत्या. नावनोंदणीच्या रांगेत त्यांचा नंबर आला, तेव्हा सहल कंपनीचे मालक राजोपाध्ये म्हणाले, "एकट्या आलात तरी खोलीचे पैसे दोघांचे पडतील. मिस्टर असते तर परवडलं असतं. त्यापेक्षा काशी करा, मावशी."

शालनताईंची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही. दोघांचे पैसे मोजून त्या म्हणाल्या, "मग दुसरं नाव मिस्टरांचंच लिहा."

"कुणाचंही सांगा. पैसे आले म्हणजे झालं," म्हणत राजोपाध्येंनी दोघांच्या नावाची पावती फाडली.

"आता तुमच्या मागची पाटी वाचा. सहलीआधी प्रवासी वारला, तर त्याचे पूर्ण पैसे परत. माझे मिस्टर चैत्रात वारले. त्यांचे द्या."

रांगेतली माणसं पाटी वाचू लागली. राजोपाध्येंनी गल्ला उघडला.