राजेसाहेबांच्या गाडीचा दम

शेंदूरगडच्या राजेसाहेबांची नवी गाडी खंडेनवमीच्या दिवशीच दम सोडून बसली.

सकाळपर्यंत ती चांगली होती. देवडीपुढे तिची पूजा मांडली होती. पाने, पकडी, जॅक सगळं पाटावर ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. दरवर्षी कोहळा जमिनीवर ठेवून कापायची रीत. पण राजेसाहेब म्हणाले, "आमचं आजचं शस्त्र म्हणजे इंजिन. कोहळा त्याच्याच छातीवर ठेवा." बॉनेट उघडलं, इंजिनावर टॉवेलाची घडी आली, तिच्यावर कोहळा आला आणि राजेसाहेबांनी पणजोबांची तलवार उगारली. कोहळ्याची दोन शकलं झाली. "एका घावात, सरकार, एका घावात," असं म्हणत कारभारी विसूभाऊंनी टाळ्या वाजवल्या, शकलं आणि टॉवेल उचलला आणि बॉनेट लावून टाकलं.

मग स्वारी गावातून फिरायला निघाली. पहिल्याच चढावर गाडीतून फुस्स असा आवाज आला, मागून काळा धूर निघाला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालू लागली. उसाचा ट्रॅक्टर मागून येऊन पुढे गेला. वर त्या ट्रॅक्टरवाल्यानं अदबीनं थांबून विचारलं, "सरकार, दोरी लावू का?"

ते ऐकून राजेसाहेबांची मिशी थरथरली. देवडीवर परत येताच त्यांनी हुकूम सोडला. "गाडीत दोष काय आणि तो कुणी केला, दोन्ही आज कळलं पाहिजे. पूजेतल्या हत्यारांना उद्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि उद्या आम्ही देवीच्या घाटावर याच गाडीनं चढणार. नाही चढलो, तर ड्रायव्हरानं खोली खाली करून गाव सोडायचं."

ड्रायव्हर दौलती खाली मान घालून उभा राहिला. त्याची बायको हौसा देवडीच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. तिथल्या खिडकीतून तिनं सगळं ऐकलं आणि तिच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच खोलीत राहात होती. दारातली शेवग्याची फांदी तिनंच लावलेली, आणि आता तिला शेंगा लागल्या होत्या.

बाहेर दरबारी मंडळींची अक्कल चालू झाली. एक म्हणाला, डिझेलात भेसळ आहे. दुसरा म्हणाला, दृष्ट लागली. विसूभाऊ म्हणाले, "चढच जास्त होता, सरकार. रस्ता बांधणाऱ्याची चूक." तलवारीकडे मात्र कुणी चुकूनही बघेना.

दौलती आत आला तसं हौसानं विचारलं, "अवो, तुम्हाला काय वाटतं?"

"वाटून काय उपयोग? या इंजिनाला जास्तीची हवा कोंबणारा पंखा असतो. त्याला टर्बो म्हणतात. ती हवा जाड रबरी नळीतून इंजिनात जाते. नळी फाटली की हवा बाहेर, आणि गाडीचं बळ गेलं. ती नळी कोहळा ठेवला होता त्याच्या..." पुढचं त्यानं गिळलं.

"बोला की सरकारांना."

"तू बोल. मग उद्याची वाट तरी कशाला बघायची, गावाच्या वेशीपर्यंत सामान आजच नेऊ."

हौसानं चुलीत फुंकर मारली, तसा धूर एका बाजूला उडाला. मग हात धुऊन उठली. "आपण नाही बोलायचं. धुराला बोलू द्या."

ती बाहेर आली, पदर सावरून राजेसाहेबांपुढे वाकली. "सरकार, कोहळा दिला, पण गाडीला उदबत्ती ओवाळायची राहिली. ओवाळू का? हत्याराला हात लावणार नाही."

"ओवाळ. त्यानं दोष कळणार असेल तर घंटाही वाजव."

बॉनेट उघडलं. दौलतीनं गाडी चालू करून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, इंजिन घोंगावू लागलं. हौसानं उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि नळीच्या कडेकडेनं अगदी हळू फिरवला. धूर सरळ वर चालला होता. एका जागी मात्र तो फर्रकन बाजूला उडाला. तिनं जुडगा मागे घेतला, पुन्हा नेला. धूर पुन्हा तिथेच उडाला.

राजेसाहेब स्वतः वाकले. नळीवर सुरीनं कापल्यासारखी सरळ चीर होती आणि चिरेत कोहळ्याचा पांढरा गर अडकला होता. सगळ्यांनी तो बघितला आणि सगळे एकदम आभाळाकडे बघू लागले.

"दोष कळला," राजेसाहेब सावकाश म्हणाले. "आता करणारा कोण?"

"उंदीर, सरकार," विसूभाऊ म्हणाले.

"कोहळा खाणारा उंदीर?" हौसा म्हणाली. राजेसाहेबांच्या कपाळावर आठी चढली, दौलतीनं डोळे मिटून घेतले. ती मात्र त्याच आवाजात बोलत राहिली. "सरकार, आज तुमच्याच माणसांनी तुमचं कौतुक चोरलं. म्हणे, एका घावात कोहळा कापला. कोहळा तर मी रोज कापते. सरकारांनी एका घावात कोहळा कापला, टॉवेलाची घडी कापली आणि खालची जाड नळीसुद्धा कापली. एवढा पराक्रम झाला आणि एकानंही त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. पराक्रम कुणी केला ते मी सांगितलं, सरकार. आता त्याला खोली खाली करायला सांगायचं असेल, तर ते सांगणं माझ्या तोंडाला शोभणार नाही."

मग राजेसाहेबांचं पोट आधी हललं, नंतर मिशी हलली, आणि ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळेच हसले. विसूभाऊ सर्वांत उशिरा हसले आणि सर्वांत जास्त वेळ हसत राहिले.

दौलतीनं सायकलची जुनी ट्यूब मागवली, चिरेवर हातानंच पुन्हा पुन्हा आवळून गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गाडी राजेसाहेबांना घेऊन देवीचा घाट चढली.

सोनं वाटताना राजेसाहेबांनी हौसाला पुढे बोलावलं. खोली कायमची तिच्या नावावर करून दिली, वर जरीचं लुगडं दिलं. आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून खंडेनवमीचा कोहळा तूच कापायचास."

"कापते, सरकार," हौसा म्हणाली. "पण विळीवर. आणि गाडी तोवर वेशीबाहेर उभी करून."